वाढणाऱ्याचं ताट

"भंडारी, आज काय?"

इब्राहिम सारंगांनी गॅलीच्या खिडकीतून डोकं आत घातलं तेव्हा मी सुरमई कापत होतो. गॅली म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, आणि भंडारी म्हणजे तिथला आचारी, म्हणजे मी, सदा आरेकर. जातीनेही भंडारीच, त्यामुळे जहाजावर माझी थट्टा करायला कुणाला फार डोकं चालवावं लागत नसे.

"कालवण नि भात, चाचा."

"आमसुलं हाईत?"

"घरची थोडी उरलीत."

"मंग टाक समदी. ठेवून काय करायचंय आता?"

एवढं बोलून ते गेले. माणूस मोजून बोलणारा, पण असं निरवानिरवीचं कधी बोलत नसे. मी सुरी खाली ठेवली. अंगात त्राण म्हणून नव्हतं. भीती म्हणाल तर तीही नव्हती धड. भीती वाटायलासुद्धा माणूस थोडा ताजा असावा लागतो. आम्ही सगळेच तेव्हा पार पिळून निघालो होतो.

जहाज आखाताच्या तोंडाशी, लारक बेटाजवळ नांगरलेलं होतं. लढाई चालली होती इराण आणि इराकची. आम्ही ना इराणचे, ना इराकचे. दाभोळच्या खाडीच्या अलीकडचा मी, पलीकडचे सारंग, कप्तान टिपणीस ठाण्याचे, जहाजाचा मालक कुणी ग्रीक आणि झेंडा तिसऱ्याच देशाचा. काम एवढंच, की आखातात आत खर्ग बेटावर जायचं, इराणचं तेल भरायचं, लारकला आणायचं आणि तिथे गोदामासारख्या उभ्या करून ठेवलेल्या मोठ्या जहाजांत ओतायचं. मग परत खर्ग. गिऱ्हाइकांची जहाजं लढाईच्या पाण्यात आत शिरायला तयार नव्हती, म्हणून मधली हमाली आमच्याकडे. आणि इराकची विमानं नेमकी ह्याच वाटेवर टपून बसलेली.

"तेल विकता आलं नाही तर पैसा नाही, पैसा नाही तर बंदुका नाहीत," आमचे मार्कोनीसाहेब सांगायचे. मार्कोनी म्हणजे वायरलेसवाले अधिकारी. रेडिओवरच्या बातम्या ऐकून यायचे आणि चहा पिता पिता आम्हाला समजावायचे. "शत्रूचं सैन्य मारण्यापेक्षा त्याची तिजोरी मारायची, अशी ही युक्ती आहे."

"तिजोरी मारा की मग," याकूब म्हणायचा. "आम्ही पाटीवाले. पाटीवाल्याला कशाला मारताय?"

याकूब बुरोंडकर इंजिनखोलीतला तेलवाला. यंत्रांना तेल-पाणी करायचं हे त्याचं काम. गडी मोठा बोलका. कामावरून सुटला की काळ्या हातांनीच गॅलीच्या दारात उभा राहायचा आणि मिरची मागायचा. जेवणाला जेवण म्हणायला त्याला हिरवी मिरची लागायची, आणि समुद्रात हिरवी मिरची आणायची कुठून? मी त्याच्यासाठी गोठवलेल्या भाज्यांच्या मागे एक पुडा दडवून ठेवला होता. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मला बोललं नाही, कारण याकूबशी कुणाचंच वाकडं नव्हतं. तोच मला सांगायचा, "येताना झोप निवांत. भरलेलं जहाज नुसतं जळतं. जाताना रिकामं असतं ना, तेव्हा टाक्यांत गॅस उरतो, तेव्हा फुटतं." ह्याला तो दिलासा समजायचा.

आता त्या जेवणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सुरुवातीच्या एका खेपेआधी एका खलाशाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की मला भीती वाटते, मी खर्गला येत नाही. तसा हक्क होताच. लढाईच्या पाण्यात जायचं नसेल त्याला लारकला उतरवायचं आणि घरी पाठवायचं, असं कराराच्या वेळीच ठरलेलं. पण पोरांनी त्याची अशी काही टर उडवली, त्याच्यापुढे ओढणी काय टाकली, बांगड्यांचं काय विचारलं, की तो भला मोठा बाप्या हमसून हमसून रडला. आणि हट्टाला पेटून आलाच आमच्याबरोबर. ती खेप त्याने ताप अंगावर घेऊन काढली.

तेव्हा इब्राहिमचाचांनी नियम घातला. जहाजावरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग. आमच्यातले बहुतेक जण त्यांनीच खाडीच्या दोन्ही काठांवरून गोळा करून आणलेले, त्यामुळे त्यांचा शब्द कप्तानाच्या शब्दाहून जड. नियम असा, की लारकला तेल उतरवून झालं की निघण्याआधी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. ज्याला पुढच्या खेपेला यायचं नाही त्याने जेवायला यायचं नाही. बस. विचारायचं नाही, सांगायचं नाही. तो आपल्या खोलीत पडून राहील, त्याची बॅग दुसरं कुणीतरी शिडीपाशी नेऊन ठेवील आणि लाँच आली की तो उतरून जाईल. मागे राहिलेल्यांनी त्याचं नाव काढायचं नाही. चाचा "बिस्मिल्ला" म्हणून पहिला घास घेणार, मग बाकीचे घेणार, आणि ज्याने घास घेतला तो खर्गला आला.

फार चांगला नियम होता. माणसाला भ्यायची इतकी अब्रूदार सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पाचसहा जण त्या वाटेने घरी गेले, सगळे सुखरूप, आणि त्यांच्याबद्दल वावगा शब्द कुणी काढला नाही.

फक्त त्या नियमात एक गोम होती, आणि ती माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. जो जेवायला येत नाही तो सुटतो, हे ठीक. पण जो जेवण रांधतो त्याने काय करायचं? मी खोलीत पडून राहिलो तर जेवणच नाही, आणि जेवण नाही तर कोण आला आणि कोण नाही आला हे कळायचं कसं? सगळ्या जहाजाला भ्यायची सोय होती, भंडाऱ्याला नव्हती. मी सगळ्यांना वाढायचो, मग कोपऱ्यातल्या स्टुलावर माझं ताट घेऊन बसायचो आणि खायचो. भूक असो नसो. घास घशाखाली उतरला की मनात म्हणायचो, झालं, चाललास परत.

आणि मला जायचं नव्हतं. अगदी मनापासून नव्हतं. माझ्या बायकोला, सुगंधाला, दिवस गेले होते. आधीची आमची दोन बाळं जन्मताच गेली होती, आणि दोन्ही वेळा मी समुद्रावर. पहिल्या वेळी तार मिळाली, दुसऱ्या वेळी तर तारही मिळाली नाही, घरी पोचल्यावर दारातच कळलं. ह्या वेळी निघताना ती काही रडली वगैरे नाही. माझी बॅग भरता भरता म्हणाली, "ह्या येळेस तरी जवळ ऱ्हावा. मना एकटीला परत ते जमायचं नाय." मी हो म्हणून आलो होतो. दिवाळीच्या आसपास तिचे दिवस भरत होते.

एकदा धीर करून सारंगांशी बोलायला गेलोही. ते डेकवर दोर गुंडाळून घेत होते. मी म्हटलं, "चाचा, जरा बोलायचं होतं, ह्या खेपेचं..." त्यांनी दोरावरची नजर न काढता हात वर केला. "खेपेचं बोलायचं नाय, सदा. रीत ठरलीय." मी परत फिरलो. ते बोलले ते खरंच होतं. तोंडाने सांगायचं नाही यासाठीच तर तो सगळा खटाटोप होता.

आणि मग ती खेप झाली.

खर्गहून भरून परत येत होतो. दुपारची वेळ, मी चपात्यांचं पीठ मळत होतो. आमची गॅली जहाजाच्या मागच्या अंगाला, इंजिनखोलीच्या डोक्यावर. विमान कुणी पाहिलं नाही, आवाजही आधी आला नाही. एकदम सगळं जहाज बाजूला ढकलल्यासारखं झालं, चुलीवरचं आमटीचं पातेलं उचललं जाऊन माझ्या पायाशी पडलं, आणि दिवे गेले. मी पिठाच्या हातांनी दाराची चौकट धरून उभा. पायाला भाजलं होतं ते संध्याकाळी कळलं.

क्षेपणास्त्र नीट फुटलंच नाही, असं नंतर कप्तान म्हणाले. नीट फुटलं असतं तर हे सांगायला मी उरलो नसतो. पण बाजूला भगदाड पाडून आत शिरलं आणि त्यातलं जळण पेटलं. आग लवकर आटोक्यात आली. इंजिनही वाचलं. धूर मात्र खाली इंजिनखोलीत उतरला. खाली होते ते सगळे जिन्याने खोकत खोकत वर आले. याकूब आला नाही.

इब्राहिमचाचा तोंडाला ओला टॉवेल बांधून खाली गेले आणि त्याला खांद्यावर टाकून घेऊन आले. पन्नाशी उलटलेला माणूस, उभ्या शिडीने. डेकवर आडवा ठेवला तेव्हा याकूब झोपल्यासारखा दिसत होता. अंगावर म्हणावी अशी जखम नाही. चाचा त्याचे गाल थोपटत राहिले. "याकूब, ऊठ. याकूब, वर आलो आपण." कप्तानांनी त्यांचा हात धरला तेव्हा थांबले.

मयताला घालायच्या आंघोळीसाठी कोमट पाणी हवं होतं. मी ते भाताच्या टोपात तापवलं, कारण तेवढं मोठं दुसरं भांडं नव्हतं. लारकला पोचल्यावर त्याला किनाऱ्यावर नेलं. तिथून त्याच्या घरी पाठवलं असं आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच टोपात मी भात केला. करणार काय? माणसं उपाशी होती.

मला वाटलं, आता तरी थांबेल हे. पण दोन वेल्डर आले, भगदाडावर लोखंडी पत्रा बसवून गेले. कंपनीचा एजंट आला, सफेद शर्ट घालून, सगळ्यांचे हात हातात घेऊन फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि खर्गला तेल तुंबलंय म्हणाला. म्हणजे पुन्हा तेच जेवण.

तर ती सुरमई. सगळी आमसुलं टाकली. कालवण असं उतरलं होतं की वासाने घरची आठवण यावी. आणि ते ढवळता ढवळता माझं ठरलं. म्हणजे ठरवलं असं नाही म्हणता येणार, कारण विचार करायचं बळ राहिलं नव्हतं. हात आपोआप चालले. सगळ्यांची ताटं पुसली, लावली. माझं ताट पुसलं आणि फळीवर परत ठेवून दिलं.

जेवणाच्या खोलीत सगळे येऊन बसलेले. आज कुणीच खोलीत पडून राहिला नव्हता, ह्याचं मला नवल वाटलं. याकूबच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. बाजूचा बाळा वसावे, सुकाणूवर उभा राहणारा आमचा सुखाणी, थोडा सरकून बसला होता, पण तेवढी फट राहिलीच. मी भात वाढला, कालवण वाढलं. प्रत्येकाच्या ताटात सुरमईचा एकेक जाड तुकडा. चाचांना नेहमीप्रमाणे मधली तुकडी. मग टोप टेबलावर ठेवला, गॅलीत गेलो आणि बटाट्याच्या गोणीवर बसलो. पायाशी माझी बॅग.

खिडकीतून मला चाचा दिसत होते. त्यांनी भात कालवला. घास उचलला. मग माझ्या स्टुलाकडे पाहिलं.

"सदा, तुजं ताट?"

"तुम्ही घ्या, चाचा."

"ताट कुठंय तुजं?"

"मी आज नाय घेत," एवढंच कसंबसं म्हणालो.

चाचांच्या हातातला घास तसाच. मी मान खाली घातली. आता कुणी हसेल, ओढणीचं कुणीतरी काढेल, नियम होता तरी काढेल, कारण माझं हे रीतीबाहेरचं होतं. मी वाढून मग नाही म्हणालो होतो. असं कुणी केलं नव्हतं.

चाचांनी घास ताटात परत ठेवला. हळूच, कालवलेल्या भातावर अलगद. मग उठले, बेसिनपाशी गेले, हात धुतले आणि टॉवेलला पुसत पुसत परत जागेवर येऊन बसले. मागोमाग बाळाने ताट पुढे सरकवलं. मग त्याच्या बाजूच्याने. एकेकाने. ताटं सरकल्याचा तेवढा आवाज येत राहिला.

मी धावत बाहेर आलो. "असं नका करू. जेवा तुम्ही. माज्यासाठी कशाला? चाचा, सांगा ना त्यांना. अन्नावरून उठू नये."

"गप बस, सदा," बाळा म्हणाला. रागाने नव्हे, दमून म्हणाला.

तेवढ्यात कप्तान टिपणीस आले. जेवण झालं की सारंग वर जाऊन कोण कमी ते सांगायचे. आज उशीर झाला म्हणून ते स्वतःच खाली उतरले असणार. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्यांनी सगळ्या ताटांवरून नजर फिरवली. वाफा जिरून गेल्या होत्या.

"सारंग, कोण कमी?"

"समदेच, साब."

"सगळे?"

"कुनी जेवलं नाय."

मला वाटलं, आता भडकतील. हा माणूस भडकला की डेकवरून ऐकू यायचं. पण ते याकूबच्या जागेवर बसले, कोपरं टेबलावर टेकली आणि चेहरा हातांत धरला.

"कशाचं आहे कालवण?"

"सुरमईचं, साब," मी म्हणालो.

"वास तर झकास येतोय." मग ते हसले. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली. "आरेकर, ती एवढी विमानं एवढ्या लांबून रोज उडून येतात, हे तेल अडवायला. त्यांना काही ते जमलं नाही. तुमच्या कालवणाने बघा, एका दुपारात अडवलं."

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी. हसण्यात दम नव्हता, पण याकूब गेल्यापासून त्या खोलीत हसू असं फुटलंच नव्हतं. कप्तान उठले. "मी कळवतो वर. माझंही नाव त्यांतच घालतो. सारंग, लोकांना जेवायला सांगा आता. आता जेवलं तरी चालेल ना?"

"आता चालंल, साब."

मग आम्ही जेवलो. थंडगार झालेलं. मीही ताट घेतलं आणि इतकं जेवलो, की त्या जहाजावर कधी जेवलो नव्हतो.

तेल काही थांबलं नाही, ते सांगून टाकतो. एजंटचा सफेद शर्ट दोनदा घामाने भिजला, वायरलेसवर बरीच आदळआपट झाली, आणि मग बंदर अब्बासहून दुसरी माणसं आली. थोडे केरळचे, थोडे फिलिपाइन्सचे. त्यांच्या भंडाऱ्याला मी चुलीची खोड सांगितली, चाव्या दिल्या. आमचं जहाज नांगर उचलून खर्गच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं. आम्ही थांबलो होतो, एवढंच. लढाईला त्याचा पत्ताही लागला नसेल.

लाँचमध्ये आम्ही आपापल्या बॅगांवर बसलो. ऊन लागत होतं. मी मुद्दाम चाचांच्या शेजारी जागा धरली. माझं मन भरून आलं होतं. घरी जायला मिळणार होतं, सुगंधाला दिलेला शब्द पाळता येणार होता, आणि हे ज्यांच्यामुळे झालं ते माझ्या बाजूला बसले होते. म्हटलं, आता नाही बोललो तर राहूनच जाईल.

"चाचा, तुम्ही माज्यासाठी हातातला घास ठेवलात. जन्मात विसरायचा नाय मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुज्यासाठी?" ते म्हणाले. "नाय रे बाबा. मी त्या घासाकडं बगत व्हतो आनी मनात म्हनत व्हतो, या खुदा, आज तरी ह्यो भंडारी नाय म्हनू दे."

मला काही उमगेना. "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? जेवायचं नसंल त्यानं येऊ नये, ही रीत कुनी घातली? मी. पयला घास कुनी घ्यायचा? मी. मंग मी कसा ऱ्हाऊ? सारंगच आला नाय तर रीत कसली आनी जेवन कसलं? समद्यांना मीच घराघरांतनं काढून आनलेलं. त्यांना वाटेवर सोडून मी बॅग घेऊन उतरू?" ते थांबले. लाँचच्या इंजिनाचा आवाज फार होता, म्हणून माझ्या कानाशी आले. "सुटका समद्यांना दिली, सदा. मला एकट्याला नव्हती."

मला एकट्याला नव्हती, हे माझं वाक्य होतं. इतके महिने मी ते मनात घोळवत होतो.

"मला वाटायचं, ती फक्त मला नाय," मी म्हणालो.

"मला कसं ठाव असनार?" चाचा म्हणाले. "मी दर येळी तुज्याकडंच बगायचो. म्हनायचो, बायको पोटुशी, आधीची दोन गेलेली, आनी तरी ह्यो पोरगा ताट वाढून घेतोय, घुटक्यापाठी घुटका पानी पिऊन घास गिळतोय. आनी मी म्हातारा होऊन मागं सरू? लाज वाटायची. तू वाढून घेतलंस की मी घास घ्यायचो."

"मी तर तुमच्याकडं बघायचो," मी म्हणालो. "तुम्ही बिस्मिल्ला म्हणून घास घेतलात, की म्हणायचो, म्हातारा माणूस डगमगत नाय, मला काय धाड भरलीय?"

मागे जहाज लहान होत गेलं. चाचांनी खिशातून रुमाल काढला, डोक्यावर घेतला आणि त्याची टोकं दातांत धरली, ऊन लागतंय म्हणून.

"कंदीपासून?" मी विचारलं. "उतरावं असं तुमच्या मनात कंदीपासून होतं?"

"बकरी ईदपासून."

"माझ्याही तेव्हापासूनच," मी म्हणालो.

बकरी ईदला, खर्गला निघण्याआधीच्या त्या जेवणाला याकूब होता. त्याने माझ्याकडून दोनदा भात मागून घेतला होता.